अँटिव्हायरस कुठला घ्यावा? घर, दुकान आणि छोट्या कारखान्यासाठी नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

घरचे लॅपटॉप, दुकानांचे बिलिंगचे कम्प्युटर आणि सातपूर-अंबडमधल्या छोट्या युनिट्सचे सर्व्हर सांभाळायचं काम आम्ही नाशिकमध्ये करतो. काउंटरवर आणि फोनवर जे प्रश्न येतात, त्यांना तोंडी देतो तीच उत्तरं इथे लिहिली आहेत. अँटिव्हायरसचे खोके आम्हीही विकतो. तरी काही ठिकाणी ‘विकत घेऊ नका’ असं लिहिलेलं सापडेल, कारण तिथे खरंच गरज नसते.

घरी एकच लॅपटॉप आहे. अँटिव्हायरस विकत घ्यायलाच हवा का?

बहुतेक घरांना नको. विंडोज १० आणि ११ सोबत मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासूनच येतो. तो फुकट आहे आणि त्याच्या रिन्यूअलची कटकट नाही. एके काळी या डिफेंडरला कोणी विचारत नसे. आता जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज, या दोन स्वतंत्र प्रयोगशाळांच्या चाचण्यांत तो विकतच्या अँटिव्हायरसच्या रांगेत बसतो. स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ टाइप करा, सगळीकडे हिरवी टिक दिसली की झालं. त्याच खिडकीत रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली (रॅन्समवेअर म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ असतं, ते मुळात बंद असतं. ते चालू करा. नंतर एखादं जुनं सॉफ्टवेअर फाइल सेव्ह करू देईनासं झालं, तर त्याला तिथूनच परवानगी देता येते.

विकतचा घ्यायला काही घरांत कारण असतं. पेनड्राइव्हची ये-जा फार असेल, मुलं गेमचे ‘मॉड’ कुठून कुठून उतरवत असतील, किंवा आई-बाबा इथे एकटे राहत असतील आणि मुलं पुण्याला किंवा परदेशात असतील. अडलं तर फोन उचलून समजेल अशा भाषेत बोलणारं कोणी हवं, हे शेवटचं कारण मला सगळ्यात जास्त पटतं.

लॅपटॉपवर अजून विंडोज १० आहे. चांगला अँटिव्हायरस टाकला तर चालेल ना?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर सापडलेली सुरक्षेतली भोकं साध्या मशीनवर बुजवली जात नाहीत, आणि बाहेरून लावलेला अँटिव्हायरस ती बुजवू शकत नाही. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव अपडेटची योजना ठेवली, तिच्यात नाव नोंदवावं लागतं. मशीन विंडोज ११ घेत असेल तर सरळ ते टाका. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसलेली मशीन अधिकृतपणे घेत नाहीत. अशा लॅपटॉपवर फक्त ब्राउझर आणि लिहिण्याचं काम असेल तर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम) टाकून बघा, घरच्यांना दोन दिवसांत सवय होते.

कारखान्यांत अजून विंडोज ७ दिसतं, कारण सीएनसी मशीनचं किंवा वजनकाट्याचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही. त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला. अशा मशीनची इंटरनेटची वायर काढून ठेवा. हे जास्त वाटत असेल तर मे २०१७ मधला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर आठवा. तो ज्या भोकातून जगभर पसरला, त्याचं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं, ते अडकले.

क्विक हील, के७, ईसेट, बिटडिफेंडर, कॅस्परस्काय... नक्की कुठला चांगला?

नाव सांगितलं की तुमचं समाधान होईल, पण पहिल्या पाच-सहांमध्ये व्हायरस पकडण्यातला फरक बोटभर आहे. मी तीन गोष्टी बघतो. पहिली, वर सांगितलेल्या प्रयोगशाळांचे ताजे निकाल, आणि त्यातही ‘फॉल्स पॉझिटिव्ह’चा रकाना, म्हणजे चांगल्या फाइलला व्हायरस म्हणण्याचं प्रमाण. डीटीपी करणाऱ्यांच्या जुन्या डोंगलचा (सॉफ्टवेअरची चावी असलेल्या यूएसबीचा) ड्रायव्हर किंवा मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर अँटिव्हायरसने उडवलं, की छापखान्याचं काम तिथेच थांबतं. दुसरी, मशीन किती जड होतं. तिसरी, पुढच्या वर्षीचा भाव.

क्विक हील पुण्याची कंपनी. कैलास आणि संजय काटकर या भावांनी कॅल्क्युलेटर-कम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातून ती उभी केली. गावोगावचे इंजिनिअर तिला ओळखतात आणि त्याचा उपयोग होतो. के७ चेन्नईची. दोन्ही घ्यायला हरकत नाही. कॅस्परस्काय चाचण्यांत चांगला येतो, पण रशियन कंपनी म्हणून अमेरिकेने जून २०२४ मध्ये तिथे त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे तशी बंदी नाही. मात्र अमेरिकन ग्राहकाचं काम करणाऱ्या छोट्या आयटी फर्मने तो टाकू नये, ऑडिटमध्ये प्रश्न येतो.

फुकटच्यांबद्दल एवढंच, की फुकट देणारा पैसे कुठून कमावतो ते बघा. अवास्टने आपल्या वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकली होती. त्यापायी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. डिफेंडर मशीनमध्येच असताना आणखी एक फुकटचा उतरवण्यात काही हशील नाही.

प्रो, इंटरनेट सिक्युरिटी, टोटल सिक्युरिटी... महागडा घेऊ का?

मधला घ्या. टोटलमध्ये ट्यून-अप, मर्यादित व्हीपीएन (इंटरनेटवरची बंद, खाजगी वाट), फाइल श्रेडर वगैरे भरलेलं असतं आणि वर्षभर त्याला कोणी हात लावत नाही.

ऑनलाइन तोच खोका निम्म्या भावात दिसतो. खरा असतो का?

कधी खरा असतो. कंपन्या ऑनलाइन विक्रेत्यांना वेगळा भाव देतात, त्यात काळंबेरं असेलच असं नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर ‘दोनशे रुपयांत की’ पाठवणाऱ्याकडून घेऊ नका. तीन मशीनची एक की तीन वेगवेगळ्या लोकांना विकायची, किंवा दुसऱ्या देशासाठीची की इकडे खपवायची, असे प्रकार चालतात. चार महिन्यांनी की ब्लॉक होते आणि तो नंबर लागत नाही.

दुकानातून घेताना सील बघा, जीएसटीचं बिल घ्या. १८ टक्के जीएसटी असतो आणि धंद्यासाठी घेतला असेल तर क्रेडिट मिळतं. वर्ष मोजायला सुरुवात की टाकल्याच्या दिवसापासून होते, हेही लक्षात ठेवा. ऑनलाइन कार्डाने घेतला असेल तर ऑटो-रिन्यूअल बंद करा. पहिल्या वर्षाचा भाव सवलतीचा असतो, दुसऱ्या वर्षी पूर्ण रक्कम कापली जाते आणि मग लोक आमच्याकडे येऊन चिडतात.

दोन अँटिव्हायरस टाकले तर दुप्पट संरक्षण?

नाही. दोघे एकमेकांच्या फाइलींवर संशय घेतात आणि मशीन हँग होतं.

अँटिव्हायरस टाकल्यापासून कम्प्युटर फार स्लो झालाय.

बहुतेक वेळा तो आधीच स्लो असतो, अँटिव्हायरस फक्त कडेलोट करतो. ४ जीबी रॅम आणि जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर कुठलाही अँटिव्हायरस जडच वाटणार. अँटिव्हायरस बदलण्यापेक्षा एसएसडी टाका. पूर्ण स्कॅनची वेळ जेवणाच्या सुट्टीत ठेवा. आणि वेग वाढवायला अख्खा सी ड्राइव्ह ‘एक्स्क्लूजन’मध्ये (न तपासायच्या यादीत) टाकू नका. असं केलेलं मशीन महिन्याला एखादं तरी बघायला मिळतं. त्यात अँटिव्हायरस असतो, हिरवी टिकही असते आणि तपासत मात्र काहीच नसतो.

झेरॉक्सवाल्याकडून पेनड्राइव्ह आणला आणि सगळ्या फाइलींचे शॉर्टकट झाले. डेटा गेला का?

सहसा जात नाही. अ‍ॅडमिशनच्या दिवसांत कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत हा रोग जोरात असतो. हा व्हायरस तुमच्या फाइली उचलून नाव नसलेल्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि वर एक शॉर्टकट ठेवून देतो. तुम्ही फाइल समजून त्यावर डबल क्लिक केलं, की तो तुमच्या मशीनमध्ये उतरतो. म्हणून पहिलं काम, शॉर्टकटला हात लावायचा नाही. अपडेट झालेल्या अँटिव्हायरसने पेनड्राइव्ह स्कॅन करा. मग फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये लपवलेल्या फाइली दाखवायला सांगा. फोल्डर ऑप्शनमध्ये ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स’ची टिकही काढावी लागते. तेव्हा तो बिननावाचा फोल्डर समोर येतो, फाइली आत जशाच्या तशा असतात. त्या कॉपी करून घ्या आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट मारा.

प्रिंटला देण्यासाठी एक वेगळा रिकामा पेनड्राइव्ह ठेवा आणि त्यात लागणारी पीडीएफ तेवढीच न्या. दुकानातल्या मशीनवर जीमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं असेल तर निघताना लॉगआउट करा. सेतू केंद्रांतल्या मशीनवर आधीच्या माणसाचा मेल उघडाच असतो, आधारकार्डासकट.

टॅलीचं क्रॅक टाकताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगतात. थोड्या वेळासाठी केला तर?

चोराने ‘जरा कुत्रा बांधून ठेवा’ म्हणावं आणि आपण बांधावा, तसलाच हा प्रकार. विंडोजचे अ‍ॅक्टिव्हेटर, टॅलीचे आणि फोटोशॉपचे क्रॅक ही आमच्याकडे येणाऱ्या पासवर्डचोर व्हायरसची सगळ्यात मोठी वाट आहे. ज्याला क्रॅकच वापरायचं आहे, त्याने महागडा अँटिव्हायरस घेऊन पैसे घालवू नयेत.

अंबडला आमचं छोटं युनिट आहे, १२ कम्प्युटर आणि एक सर्व्हर. घरगुती अँटिव्हायरसचे खोके घेतले तर स्वस्त पडतात.

स्वस्त पडतात, पण १२ मशीनचं काय चाललंय ते १२ खुर्च्यांवर जाऊन बघावं लागतं. शिवाय बहुतेक घरगुती लायसन्स व्यवसायात वापरायला नसतात. धंद्याच्या आवृत्तीत एक कन्सोल मिळतो. त्यात कुठल्या मशीनवर अपडेट अडकलंय, कोणाच्या पेनड्राइव्हमधून काय आलं, हे एका जागी दिसतं. पेनड्राइव्ह बंद करता येतात आणि पासवर्डशिवाय कोणाला अँटिव्हायरस काढता येत नाही. क्विक हीलची धंद्याची शाखा सेक्राइट, सोफोस, ईसेट यांपैकी कुठलाही चालेल. ऑफिसचे मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असतील तर ३०० वापरकर्त्यांपर्यंतच्या कंपन्यांसाठी असलेला डिफेंडर फॉर बिझनेस आधी बघा. बिझनेस प्रीमियम प्लॅनमध्ये तो आधीच असतो, आणि काही जण त्याचे पैसे भरत असूनही वर दुसरा विकत घेतात.

विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, हा कन्सोल रोज बघणार कोण? उत्तर नसेल तर सौदा थांबवा. तुमच्या अकाउंटंटलाच सकाळी पाच मिनिटं बघायला शिकवलं तरी पुरतं, पण नाव ठरलेलं हवं.

अँटिव्हायरस चालू होता, तरी आमच्या सगळ्या फाइली लॉक झाल्या. असं कसं?

सातपूरमधल्या एका जॉब वर्कच्या युनिटमधला प्रकार सांगतो, कारण तो फार ठिकाणी लागू पडतो. मालकांना घरून टॅली बघायची होती. कोणीतरी राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून सर्व्हरचा रिमोट डेस्कटॉप (दुरून मशीन चालवायची सोय) थेट इंटरनेटवर मांडला. पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढे १२३. अशी उघडी दारं शोधणारे प्रोग्रॅम जगभर रात्रंदिवस फिरत असतात. सर्व्हरच्या लॉगमध्ये फसलेल्या लॉगिनची रांगच्या रांग होती, मिनिटामिनिटाला एक, आणि मग मध्यरात्रीनंतर एक यशस्वी. आत आलेला माणूस आता ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ होता. त्याने कंट्रोल पॅनेलमधून अँटिव्हायरस काढून टाकला, जसा तुम्ही-आम्ही काढतो, आणि मग फाइली लॉक केल्या. बॅकअपची बाहेरची डिस्क सर्व्हरला कायम जोडलेली होती. तीही लॉक झाली. सुट्टीनंतर सकाळी अकाउंटंटने टॅली उघडली तेव्हा कंपनीची यादी रिकामी आणि डेस्कटॉपवर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी.

यात अँटिव्हायरसचा ब्रँड बदलून काहीही फरक पडला नसता. घरून टॅली बघायची तर व्हीपीएनमधून बघा आणि मोबाइलवरच्या कोडशिवाय लॉगिन होऊ देऊ नका. चार-पाच चुकीच्या पासवर्डनंतर खातं बंद होईल असं करा. बॅकअपच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक युनिटच्या बाहेर. दोन डिस्क घ्या, आलटून पालटून लावा, एक मालकांच्या घरी जाऊ द्या. महिन्यातून एकदा त्यातून टॅलीचा डेटा खरंच उघडून बघा.

नशीब फिरलंच, तर आधी नेटवर्कची वायर काढा. घाईत फॉरमॅट मारू नका. चिठ्ठीचा आणि फाइलींच्या बदललेल्या नावांचा फोटो घ्या आणि ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवर बघा. युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये कंपन्यांच्या साथीने ती सुरू केली, काही जुन्या जातींच्या चाव्या तिथे फुकट मिळतात. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा, तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर नोंदवा. कंपनी असाल तर एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना ६ तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवायची असते, हे आपल्याकडे जवळपास कोणालाच माहीत नसतं.

एवढ्याशा धंद्याच्या मागे कोण लागणार?

मागे कोणी लागत नाही, वाटेत सापडतो. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा व्हायरस सुटला तो युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. त्याने मर्स्क ही जहाज कंपनी जखडली आणि न्हावा-शेव्यातलं त्याच समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. आपली द्राक्षं त्याच बंदरातून जातात. हंगाम संपलेला होता म्हणून पिंपळगाव-दिंडोरीकडे त्याची फार चर्चा झाली नाही.

फायरवॉलचा बॉक्स घ्यावा का? एजंट मागे लागलाय.

फायरवॉल म्हणजे इंटरनेट आणि ऑफिस यांच्यामधला पहारेकरी डबा. दहाच्या आत मशीन, स्वतःचा सर्व्हर नाही, बाहेरून कोणी आत येत नाही, तर नको. घ्यायचा तर बॉक्सच्या किमतीपेक्षा दर वर्षीच्या सबस्क्रिप्शनचा भाव आधी विचारा. सबस्क्रिप्शन संपलेला फायरवॉल नवे धोके ओळखत नाही. कित्येक ऑफिसांत तो लुकलुकणारा शोभेचा डबा म्हणून रॅकमध्ये पडून आहे. पुरवठादार म्हणून मोठ्या कंपनीचं ऑडिट होणार असेल, किंवा दोन युनिट जोडायची असतील, तर मात्र घ्या.

तोवर एक फुकटचं काम करा. राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) म्हणून क्वाड-नाइनचा ९.९.९.९ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.२ टाका. दोन्ही सेवा माहीत असलेल्या घातक साइट उघडूच देत नाहीत, आणि हे घरालाही लागू आहे.

वायफाय आणि सीसीटीव्हीचं काय करायचं?

राउटरच्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, वायफायचा तर बदलाच. डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद करा. गिऱ्हाईक, भाडेकरू आणि पाहुणे यांना गेस्ट नेटवर्क द्या, बिलिंगचं मशीन त्यावर नको. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) बसवणारा माणूस पासवर्ड तसाच ठेवून जातो आणि मोबाइलवर दिसावं म्हणून पोर्टही उघडून देतो. २०१६ च्या मिराय व्हायरसने अशाच कॅमेऱ्यांची आणि डीव्हीआरची फौज उभी करून अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट बंद पाडल्या होत्या.

मोबाइलमध्ये अँटिव्हायरस टाकू का?

गरज नाही. अँड्रॉइडमधलं गूगलचं प्ले प्रोटेक्ट चालू ठेवा आणि ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’मध्ये व्हॉट्सअ‍ॅप आणि क्रोमची परवानगी बंद करा. सध्याचा त्रास एपीके, म्हणजे अॅप इन्स्टॉल करणाऱ्या फाइलींचा आहे. लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, पीएम किसानचा हप्ता अशा नावाने त्या येतात, बऱ्याचदा ओळखीच्या नंबरावरून, कारण त्या ओळखीच्याचा फोन आधीच व्हायरसच्या ताब्यात गेलेला असतो. लग्नपत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ती इन्स्टॉल करावी लागत नाही. सिंहस्थ जवळ येईल तसे खोली आणि तंबू बुकिंगच्या नावानेही असले मेसेज येतील, असा माझा अंदाज आहे.

अशी फाइल टाकलीच गेली तर फोन लगेच एरोप्लेन मोडवर टाका आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला कळवा. फॉरवर्ड केलेले कॉल काढायला हॅश-हॅश-००२-हॅश डायल करा. बँकेला कळवायला उशीर करू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची चूक असली, तरी कळवल्यानंतर गेलेले पैसे बँकेच्या माथी असतात.

स्क्रीनवर भोंगा वाजतो आणि ‘मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा’ असं येतं.

ती एक वेबसाइट आहे. ऑल्ट आणि एफ-४ दाबा, बंद होत नसेल तर मशीन बंद करा. त्या नंबरवर फोन करू नका आणि कोणी एनीडेस्क (दुरून मशीन चालवायचं अॅप) टाकायला सांगितलं तर टाकू नका.

नवा अँटिव्हायरस टाकल्यापासून जीएसटीच्या साइटवर डिजिटल सिग्नेचर चालत नाही.

सीए ऑफिसांतला नेहमीचा प्रश्न, विशेषतः महिन्याच्या २० तारखेला. एमसाइनर हे सहीचं सॉफ्टवेअर तुमच्याच मशीनवर चालतं आणि ब्राउझर त्याच्याशी मशीनच्या आतच बोलतो. अँटिव्हायरसचं वेब प्रोटेक्शन कधी कधी ते बोलणं अडवतं. अख्खा अँटिव्हायरस बंद न करता एमसाइनरला तेवढी सूट द्या. आणि काम झालं की टोकन (सही असलेला यूएसबी) काढून कपाटात ठेवा.

अँटिव्हायरस खरंच काम करतोय की नुसतं चिन्ह दिसतंय, कसं तपासायचं?

यासाठी ‘आयकार’ नावाची चाचणीची फाइल असते, फक्त ६८ अक्षरांची. ती निरुपद्रवी आहे, पण सगळ्या कंपन्यांनी तिला व्हायरस समजायचं असं ठरलेलं आहे. आयकारच्या साइटवरून ती उतरवा. जागेवर पकडली गेली तर ठीक. फाइल डेस्कटॉपवर आरामात पडून राहिली, तर आधी लायसन्सची तारीख बघा, मग एक्स्क्लूजनची यादी बघा. दोन्ही बरोबर निघाल्यावर आम्हाला फोन करा.